मुद्दा किती झोडपायचा?



इंग्रजी पेपर वाचणाऱ्या आपल्या मुलामुलींना 'बिलेबर' हे क्रियापद अधूनमधून भेटते. स्पेलिंग बी, ई, एल, ए, बी, ओ, यू, आर. अमेरिकेत त्यातला यू गाळतात. उच्चारताना जोर 'ले'वर द्यावा.

या शब्दाच्या पोटात 'लेबर' आहे. लेबर म्हणजे श्रम, हे आपल्या घरांत शिकवावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या इंग्रजी नावातही हाच शब्द होता. परंतु आधी 'बि' जोडला की अर्थ बदलतो. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्रज हा शब्द 'झोडपून काढणे' या अर्थी वापरीत. पुढे माणसाबरोबर मुद्दाही झोडपला जाऊ लागला. म्हणून 'बिलेबर द पॉइंट' म्हणजे समोरच्याला कळलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत बसणे, पाल्हाळ लावणे. नुसते 'लेबर द पॉइंट' म्हटले तरी चालते. मात्र मध्ये 'ऑन' घालू नये. बाईंनी धडा नीट समजावून सांगितला, तर तेथेही हा शब्द वापरू नये. त्यात तक्रार दडलेली आहे.

हे केवळ इंग्रजीपुरते नाही. आम्ही कारकुनी करतो. एका कामगार बांधवाचा रजेचा अर्ज दोन पाने भरून आला होता. घरची परिस्थिती, आजवरची नोकरी, साहेबांचे उपकार, सगळे त्यात होते. मुलीच्या ऑपरेशनची तारीख मात्र शेवटच्या ओळीत. साहेबांनी चार ओळी वाचून कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना शेजारी बसवून पाच ओळींचा अर्ज लिहून दिला. रजा मंजूर झाली.

कोसंबीच्या सिंसपा वनात भगवान बुद्धांनी मूठभर पाने हाती घेऊन भिक्खूंना विचारले, पाने हातात जास्त की वनात? वनात, असे उत्तर आले. आपण जाणतो ते वनातल्या पानांएवढे आणि सांगितले ते मुठीतल्या पानांएवढे, असे तथागतांनी समजावले. दुःखमुक्तीला उपयोगी तेवढेच त्यांनी सांगितले होते.

पण एक सावधगिरी हवी. हक्क मागणाऱ्याला 'किती वेळा तेच तेच सांगता' म्हणून गप्प करणारेही भेटतात. महाडच्या चवदार तळ्यावरचा हक्क बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी बजावला. त्यानंतर कोर्टकचेरी झाली आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे एकच गोष्ट सांगावी लागली. तो मुद्दा झोडपणे नव्हते. विरोधकांना ऐकायचेच नव्हते.

तेव्हा मुलांनो, बोलताना किंवा लिहिताना स्वतःला एकच विचारा, समोरच्याला कळले का? कळले असेल तर थांबा. कळत असून वळत नसेल, तर मात्र पुन्हा सांगा. थोडक्यात आणि पुराव्यानिशी.

आम्हीही येथेच थांबतो. जयभीम!