मुंग्या येतायत? नुसता पाय झटकू नका!

तळपायाला मुंग्या आल्या की आपण काय करतो? पाय झटकतो आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालतो. दिवसभर खुर्चीत बसल्यावर एवढं होणारच, हा आपला फंडा! पण दोन्ही तळव्यांना रोजच मुंग्या येत असतील, तर बॉस, भानगड खुर्चीची नाही, बी-१२ची असू शकते.

वाळूजच्या एका कंपनीतला माझा मित्र सहा महिने बुटांनाच दोष देत होता. मग एकदा पायातली चप्पल निसटली आणि ते त्याला चार पावलं पुढे गेल्यावर कळलं! बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. हिमोग्लोबिन मात्र नॉर्मल.

खरा धोका इथेच आहे. वायरवर प्लास्टिक असतं, तसं नसांवर मायलिनचं आवरण असतं. ते टिकवायला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की आधी मुंग्या, मग बधिरपणा आणि दुखणं मज्जारज्जूपर्यंत गेलं की चालणंच डळमळतं. विसरभोळेपणा, चिडचिड वेगळीच. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर अ‍ॅनिमिया सुधारतो, पण नसांची झीज चालूच राहते.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष तपासले. २००६ साली निष्कर्ष छापून आले. ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे आपलेच लोक की!

कारण साधं आहे. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटणातून, भाजी-भाकरीतून नाही. नान-खलियावाल्यांनीही निवांत राहू नये. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी ते नीट शोषलं जात नाही. घरात कुणी डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेत असेल, तर त्यांनाही हे सांगा. लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास उशिरा कळतो.

उपाय? साधी रक्ततपासणी, मग डॉक्टर सांगतील ती इंजेक्शनं किंवा गोळ्या. तपासणीआधी मनानेच गोळ्या सुरू करू नका, रिपोर्ट फसवा येतो.

माझ्या मित्राचा तोल आता सावरलाय. अंगठे मात्र अजून बधिर आहेत. उशीर जेवढा जास्त, तेवढं कमी परत मिळतं. तेव्हा या शनिवारी मॉलच्या आधी लॅब गाठा!