शुद्धिपत्राची प्रतिष्ठा

ताडोबा-अंधारीच्या वाघांविषयी, कोलामार्क्याच्या रानम्हशींविषयी किंवा भामरागडच्या वनस्पतींविषयी एखादा निबंध शास्त्रीय नियतकालिकात छापून आला, म्हणजे तो केवळ लेखकाचा राहत नाही. वनखात्याच्या कार्य आयोजनेत त्याचा आधार घेतला जातो, पुनर्वसनाच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जातो आणि पुढचा अभ्यासक त्यालाच प्रमाण धरून पावले टाकतो. अशा निबंधात दोष आढळल्यास त्याची दुरुस्ती कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने करावी, हा प्रश्न म्हणूनच चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात काम करणाऱ्या आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे.

आपल्याच राज्यातील रानपिंगळ्याचा वृत्तान्त या दृष्टीने मननीय आहे. 1884 नंतर या पक्ष्याचा एकही विश्वसनीय नमुना मिळालेला नव्हता. परंतु रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण 1914 साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळविल्याचे नोंदविले, आणि नामांकित माणसाची नोंद म्हणून ती दीर्घकाळ ग्राह्य धरली गेली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी त्या नमुन्याची क्ष-किरणांसह कसून तपासणी केली, तेव्हा असे निष्पन्न झाले की, तो जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात जमविलेल्या नमुन्यांपैकीच एक असून, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी जोडण्यात आली होती. मांडवीची नोंद बाजूस सारून खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे शोध सुरू झाला, तेव्हा 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दृष्टीस पडला. त्या लबाडीची साद्यंत हकीकत 1999 साली ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दप्तर शुद्ध झाले की प्रत्यक्ष अरण्यातील कामाला कशी दिशा मिळते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

प्रत्येक चुकीच्या मुळाशी लबाडी असते असे मात्र नाही. भीमबेटक्याच्या गुहेतील खडकावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म आढळल्याचे 2021 साली ‘गोंडवाना रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाले, 2023 मध्ये त्याच नियतकालिकात अन्य संशोधकांनी तो आग्या मोहोळाचा कुजलेला अवशेष असल्याचे दाखविले, आणि मूळ निबंधाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ते मान्य केले. यात कोणाचीही अप्रतिष्ठा झाली नाही. उलट शास्त्राची रीत पाळली गेली.

प्रकाशन-नीतीविषयीच्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीचे मार्गदर्शन या बाबतीत निःसंदिग्ध आहे. दोष मर्यादित असेल तर शुद्धिपत्र काढावे. निष्कर्षच विश्वासास अपात्र ठरत असेल तर, कारण कपट असो वा प्रामाणिक प्रमाद, निबंध मागे घ्यावा. आणि तो कोणी व का मागे घेतला हे स्पष्ट सांगणारी सूचना मूळ निबंधाशी जोडून सर्वांस विनामूल्य उपलब्ध करावी. आचरणात मात्र दिरंगाई फार. लस आणि आत्ममग्नता यांचा संबंध सुचविणारा 1998 सालचा निबंध ‘लॅन्सेट’ने मागे घेतला तो 2010 साली; उलट त्याच ‘लॅन्सेट’ने 22 मे 2020 रोजी प्रसिद्ध केलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनविषयक निबंध 4 जून रोजी मागे घेतला गेला. अर्थात, त्वरा अशक्य नाही.

आपल्या महसुली दप्तराची शिस्त येथे अनुकरणीय वाटते. सातबाऱ्यावरील जुनी नोंद रद्द झाली तरी ती नाहीशी करीत नाहीत; ती आडव्या रेघेने खोडलेली दिसत राहते (पूर्वी कंसात राहत असे), शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो, आणि तो धरून गेले असता कोणत्या कारणाने व कोणाच्या मंजुरीने बदल झाला, हे वाचता येते. सदोष निबंध गुपचूप काढून टाकणे, किंवा कारण न देता ‘मागे घेतला’ एवढेच छापणे, हे या कसोटीस उतरत नाही. त्याने प्रामाणिक चूक करणारा आणि हेतुपुरस्सर फसविणारा हे दोघेही एकाच संशयाखाली येतात.

यास्तव या मासिकाने असे ठरविले आहे की, शुद्धिपत्रे यापुढे अनुक्रमणिकेच्या आरंभीच कारणासह छापली जातील, आणि आक्षेप वनरक्षकाचा असो, विद्यार्थ्याचा असो वा ग्रामसभेच्या सदस्याचा, त्याची शहानिशा सारख्याच आस्थेने होईल. आमच्या वाचकांनीही आपल्या क्षेत्र-नोंदवह्या जपून ठेवाव्यात, कारण दोषाचा निवाडा अखेर मूळ नोंदीवरूनच होतो; आणि आपल्या संस्थांनी, स्वतः होऊन चूक कळविणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला कमीपणा येणार नाही, अशी तजवीज करावी. तेवढे झाले तरच या अरण्याविषयी लिहिलेल्या शब्दावर अरण्यात राहणाऱ्यांनी विश्वास ठेवावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहील.