सही जुळेना तेव्हा…

वेरूळच्या शाखेत असताना एका वयोवृद्ध कापड व्यापाऱ्यांचा धनादेश माझ्या टेबलावर आला. २० वर्षे छापल्यासारखी येणारी त्यांची सही पार वाकडीतिकडी झाली होती. नियमानुसार मी धनादेश थांबविला. चिरंजीव म्हणाले, "साहेब, बाबूजी हल्ली दिवसा गादीवर पेंगतात आणि रात्री जागतात. वय झाले आता."

दोष वयाचा नव्हता, यकृताचा होता. मद्याला आयुष्यात स्पर्श न केलेल्या या गृहस्थांना मधुमेह व यकृतातील चरबीतून सिरोसिस झाला होता.

आपल्या आतड्यांतील जिवाणू अमोनिया निर्माण करतात. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि तो मूत्रावाटे बाहेर पडतो. यकृत थकले की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. अक्षर बिघडते, झोपेचे चक्र उलटते, हात थरथरतात, पुढे भ्रम आणि बेशुद्धीही येते. यावर लॅक्ट्युलोजचे पातळ औषध व रिफॅक्सिमिनच्या गोळ्या देतात. उपचारांनी बाबूजींची सही पूर्ववत झाली. मात्र लग्नसराईत गल्ला सोडून वारंवार शौचास जाणे नको, म्हणून त्यांनी औषध टाळले आणि ते पुन्हा रुग्णालयात दाखल झाले.

असे झटके पुन्हा येऊ नयेत, यासाठी एका निराळ्या उपायाचे संशोधन सुरू आहे. निरोगी दात्याच्या मलातील तपासलेले जिवाणू रुग्णाच्या आतड्यांत सोडायचे! अमेरिकेतील रिचमंड येथे डॉ. जसमोहन बजाज यांनी २०१७ मध्ये २० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या उपचारांवरील १० जणांपैकी ५ जणांना पुन्हा झटका आला; जिवाणू मिळालेल्या १० जणांपैकी एकालाही नाही. आशादायक खरे, पण संख्या लहान आहे. शिवाय २०१९ मध्ये अमेरिकेतच एका दात्याच्या मलातून औषधांना न जुमानणारे जिवाणू दोन रुग्णांत गेले आणि त्यांतील एक दगावला. म्हणून जाहिरातीला भुलून हा प्रयोग कोणी करू नये.

हाती असलेले उपाय मात्र कटाक्षाने पाळावेत. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचास होईल इतके औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. डाळ, दूध, दही स्वतःच्या मनाने बंद करू नये. अशा रुग्णाने फार काळ उपाशी राहू नये, झोपण्यापूर्वी थोडे खावे, असे डॉक्टर सांगतात. येथे आपला रात्रिभोजनत्याग आणि उपवास आड येतात. रुग्णाने एकट्याने हट्ट धरू नये. डॉक्टर आणि महाराज या दोघांपुढे सर्व परिस्थिती मांडून निर्णय घ्यावा.

खतावणीत एका रुपयाचा फरक निघाला, तर आपण रात्र जागवून तो शोधतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या अक्षरात पडलेला फरक मात्र वयाच्या खाती टाकून मोकळे होतो. तो हिशेबही वेळीच तपासावा.