शर्यत बंद, पण कुत्र्यांचं काय?

न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेहाउंड शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. भारी बातमी! पण कुत्र्यांचं पुढे काय? मकाऊचा ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा पाचशेहून जास्त ग्रेहाउंड मागे उरले. प्राणिमित्रांनी त्यांच्यासाठी देशोदेशी घरं शोधली.

हे कुत्रे केनेलमध्ये वाढतात. जिना, काचेचं दार, मिक्सरचा आवाज, सगळंच त्यांना नवीन. म्हणून दत्तक जाण्याआधी फोस्टर घर लागतं. तिथे शी-शूची वेळ ठरते, जिना एकेक पायरीने जमतो, एकटं राहण्याची सवय पाच मिनिटांपासून लावली जाते. मांजर दिसल्यावर तो काय करतो, हेही तिथेच कळतं. नजरेने सावज हेरून धावणारी ही जात. पट्टा सुटला तर हाका मारून फारसा उपयोग नाही. आपल्याकडचा कारवानीही याच गटातला.

त्यामुळे बंदीची बातमी वाचाल तेव्हा विचारा, फोस्टर घरं किती आणि खर्च कोण करणार? आणि असा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल, तर 'किती क्यूट' म्हणण्याआधी विचारा, 'हा फोस्टरमध्ये राहिलाय का?'