जिथे तार केवळ तार राहत नाही

विद्युत्शास्त्राच्या पहिल्या पाठापासून आपल्या मनावर असे बिंबवले जाते की, कागदावर दोन बिंदूंच्या मध्ये रेघ ओढली म्हणजे ती तार झाली, तिच्या लांबीचा हिशेब धरण्याचे कारण नाही, आणि तिच्या एका टोकाला जे घडले ते दुसऱ्या टोकाला त्याच क्षणी घडले असे समजून पुढचे गणित मांडावे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तिची तरंगलांबी ६,००० किलोमीटर भरते, तोवर या समजुतीला बाध येत नाही. परंतु तेच हेलकावे सेकंदाला १० अब्ज झाले आणि तरंगलांबी ३ सेंटिमीटरांवर आली, की त्या रेघेचा अंमल संपतो. जोडणीत राहून गेलेली मिलिमीटरभर शेपटी सुमारे ६० ओहमांचा अडथळा होऊन बसते. कपॅसिटर म्हणून बसवलेला भाग आपल्याच पायांच्या लांबीमुळे वेटोळ्यासारखा वागू लागतो. आणि घरच्या विजेला तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर खोल शिरण्याची जी मुभा असते, ती आक्रसून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी उरते. सगळा प्रवाह त्या पापुद्र्यातूनच जायचा असल्याने पत्र्याचा डोळ्यांना न दिसणारा खरबरीतपणाही शक्ती खातो.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, अशा आखूड लाटांची, म्हणजे मायक्रोवेव्हची, ही विद्या फळ्यावर किंवा संगणकाच्या पडद्यावर पुरी होत नाही. ती हाताने आणि मोजमापानेच शिकावी लागते. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात नेमकी हीच तरतूद सर्वांत दुबळी आहे.

मी शिकत होतो त्या महाविद्यालयात मायक्रोवेव्हचे एक टेबल होते. पण ते महागाचे म्हणून बहुधा कुलूपबंद असे, आणि मागच्या वर्षीच्या जर्नलातले आकडे उतरवून आमच्या जर्नलांवर सह्या होत. एका दुपारी प्रयोगशाळेतल्या काकांनी आम्हां तिघांच्या आग्रहाखातर कुलूप काढले. पितळेच्या आयताकृती नळीवरच्या खाचेतून शोधक सरकवत आम्ही मीटरची सुई कोठे पडते ते टिपू लागलो. हवेतल्या हिशेबाने ती दर दीड सेंटिमीटरला पडायला हवी होती; प्रत्यक्षात ती जवळजवळ दोन सेंटिमीटरांनी पडत होती. तीनदा मोजले, तरी तेच! नळीच्या भिंतींमध्ये कोंडलेल्या लाटेची लांबी हवेतल्या लाटेहून अधिक असते, हे वाक्य मी पाठ केलेले होते. पण त्याची खातरजमा त्या अर्ध्या सेंटिमीटरात झाली. मग एकाने कर्ण्याच्या तोंडापुढे कोरडा रुमाल धरला, तेव्हा सुई जागची हलली नाही. तोच रुमाल भिजवून धरताच ती खाली आली. पाणी या लाटा कशा शोषून घेते, ते त्यानंतर मला कोणी सांगावे लागले नाही.

या शास्त्राचा भारतातील आरंभही अशाच हातांनी झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास ५ मिलिमीटरइतक्या आखूड तरंगलांबीच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या, लाटा निर्माण केल्या. आणि साहित्य कोणते, तर गंधकाची भिंगे, पोकळ नळ्या, धातूचे कर्णे! रेल्वेच्या ब्रॅडशॉ वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्यांनी लाटांची कंपनदिशा निवडणारे उपकरण सिद्ध केले, आणि पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून जाताना ती दिशा वळते हे दाखवले. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर टेकवलेल्या धातूच्या टोकाने लाट ओळखण्याच्या युक्तीची सनद अमेरिकेत त्यांच्या नावे १९०४ साली निघाली. पदार्थ कोणता आणि त्याचा आकार कसा, हाच तेथे परिपथ होता.

आता हा केवळ विद्वानांच्या जिज्ञासेचा विषय उरलेला नाही. २०२२ साली आपल्या सरकारने मोबाइलसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात काढला. त्या लाटेची लांबी साडेअकरा मिलिमीटर आहे. साध्या परिपथांना चालणारी फायबरग्लासची पाटी तिथे इतकी शक्ती गिळते की टेफ्लॉनसारख्या द्रव्यांच्या पाट्या वापराव्या लागतात. संगणकावर हे सारे आधी तपासता येते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटाही नाही. परंतु संगणक आपण पुरवलेल्या आकड्यांवरच विसंबतो, आणि हाती आलेली पाटी त्या आकड्यांबरहुकूम आहे किंवा नाही हे मोजल्यावाचून कळत नाही.

मोजणारी यंत्रे महाग आहेत, हे खरे. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने ती घ्यावीत असा माझा हट्ट नाही. एका जिल्ह्यातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक मापनशाळा चालवावी, तिच्या वेळापत्रकात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे ठरावीक तास लावावेत, आणि त्याने स्वतः टिपलेल्या आकड्यांखेरीज त्याच्या जर्नलावर सही होऊ नये. जी टेबले आज कपाटांच्या आड धूळ खात आहेत, त्यांची कुलुपे काढायला तर कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.