न मोजलेला अनुशेष

दरवर्षी उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले, की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर टक्केवारीचे आकडे झळकू लागतात. कोणत्या विषयाचा निकाल ऐंशी टक्के लागला, कोणत्या विभागाने शंभर टक्क्यांची परंपरा राखली, याची वार्ता वृत्तपत्रांकडेही पोहोचते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली अशा चार जिल्ह्यांचे आहे. या परिसरातील पालक आणि विद्यार्थी या आकड्यांकडे मोठ्या आशेने पाहतात. परंतु एका साध्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत सापडत नाही. तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षात ज्यांनी नाव घातले, त्यांपैकी पदवी घेऊन किती जण बाहेर पडले?

हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. निकालाची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवर काढली जाते. जो परीक्षेस बसलाच नाही, तो नापासही होत नाही. उदाहरणादाखल असे समजावे, की एका महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षात शंभर विद्यार्थी दाखल झाले. त्यांपैकी साठ जण तृतीय वर्षाच्या परीक्षेपर्यंत पोहोचले आणि अठ्ठेचाळीस उत्तीर्ण झाले. फलकावर निकाल लागेल ऐंशी टक्के, आणि तो खोटाही म्हणता येणार नाही. पण शंभरांतील बावन्न जण पदवीविना राहिले, हे सत्य त्या फलकावर कोठेच उमटणार नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’सुद्धा अंतिम वर्षाच्या परीक्षेस बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती, हीच टक्केवारी मागत आली आहे. गळालेल्यांची दखल घेण्याची गरज अशा रीतीने सर्वांनीच आपल्यापुरती मिटवून टाकलेली दिसते.

या प्रदेशाला उच्च शिक्षणाचे दार किती उशिरा उघडले, याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे, आणि तेथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला शिक्षणाआधी भाषेचीच परीक्षा द्यावी लागे. १९४८ च्या मुक्तीनंतर हे चित्र पालटू लागले. १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभे राहिले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. १९९४ साली १७ सप्टेंबर या मुक्तिदिनीच नांदेडच्या विद्यापीठाची स्थापना झाली. एका पिढीच्या आयुष्यात हैदराबादचे अंतर तालुक्याच्या गावापर्यंत आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या पिढीचा सारा लढा दार उघडण्यासाठी होता. आत आलेला विद्यार्थी शेवटपर्यंत टिकतो की नाही, हे पाहण्याचे काम पुढील पिढीवर येऊन पडले आणि ते तसेच राहून गेले.

मराठवाड्याला ‘अनुशेष’ हा शब्द नव्याने समजावून सांगावा लागत नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण अशा क्षेत्रांतील प्रादेशिक तूट मोजून दाखविली, आणि त्या आकड्यांच्या आधारावर या विभागाने आपले गाऱ्हाणे मांडले. विद्यार्थ्यांच्या बोलीत अडकलेल्या विषयांना ‘बॅकलॉग’ म्हणतात. त्याचाही अर्थ अनुशेषच. धरणे मोजली, रस्त्यांचे किलोमीटर मोजले, महाविद्यालयांची संख्याही मोजली. परंतु अर्ध्या वाटेवरून परतलेल्या विद्यार्थ्यांचा अनुशेष मात्र कोणी मांडला नाही. प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगनाकडे हार्टोग समितीने १९२९ मध्येच लक्ष वेधले होते. महाविद्यालयीन शिक्षणात अजूनही भर आहे तो दाखल झालेल्यांच्या संख्येवर. २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात उच्च शिक्षणातील नोंदणीचे स्थूल प्रमाण देशात २८.४ टक्के, तर महाराष्ट्रात पस्तीस टक्क्यांहून अधिक दाखविले गेले. हे प्रमाण किती जण आत आहेत एवढेच सांगते.

गळती होते कशी, हे येथील शिक्षकांना ठाऊक नाही असे नाही. सर्वांत मोठा धोका पहिल्या सहामाहीतच असतो. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात, पुस्तके हाती पडेतो दसरा येतो, आणि नेमक्या त्याच सुमारास सोयाबीनची काढणी सुरू होते. लातूर-नांदेडच्या शेतकरी व शेतमजूर कुटुंबांत ते दिवस वर्षाच्या कमाईचे. दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरातील धडधाकट मुलगा कोयता हाती घेऊन जातो, किंवा मागे राहून म्हातारी माणसे व जनावरे सांभाळतो. परीक्षेचा अर्ज आणि त्याचे शुल्क भरण्याचे दिवसही हेच. हा अर्ज राहिला, की विद्यार्थी कोणत्याही निकालपत्रकात येत नाही. सत्रपद्धतीमुळे हा प्रसंग वर्षातून दोनदा येतो. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे परीक्षा शुल्कमाफीची घोषणा होते खरी; पण पैसे आधी भरावयाचे आणि परतावा मागाहून, अशी रीत असेल, तर ज्याच्याजवळ भरावयासच नाहीत त्याला त्या माफीचा उपयोग काय? शिष्यवृत्तीचेही तेच. ती वर्ष सरल्यावर खात्यात जमा झाली, तर मधल्या काळातील खोलीभाडे आणि खाणावळ थांबत नाही.

त्यातूनही जे पुढे जातात, त्यांच्या मार्गात ‘एटीकेटी’ उभी असते. ही सवलत दयेपोटी निर्माण झाली. दोन-तीन विषयांसाठी वर्ष वाया जाऊ नये, हा तिचा हेतू. पण राहिलेल्या विषयांची शिकवणी कोणी घेत नाही. ओझे तसेच पुढे सरकत जाते आणि अखेरच्या वर्षाच्या उंबरठ्यावर विद्यार्थी अडकतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलापुढे विज्ञान वा वाणिज्य शाखेत एकदम इंग्रजी ग्रंथ येतात, तेव्हा अपयशाचे कारण बुद्धीत शोधणे अन्यायाचे होय. मुलींची कथा आणखी वेगळी. तुळशीचे लग्न झाले, की घरोघरी स्थळे पाहण्यास आरंभ होतो. देगलूर वा उदगीरकडील मुलगी सीमेपलीकडे तेलंगणात किंवा कर्नाटकात दिली गेली, तर तिच्या दोन सत्रांचे गुण माहेरच्या महाविद्यालयात पडून राहतात.

आणखी एक कटू बाब नमूद केली पाहिजे. पटावर असलेला प्रत्येक विद्यार्थी वर्गात असतोच असे नाही. कोणी पुण्यात पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी एखाद्या कारखान्यात कंत्राटावर असतो, कोणी बसच्या सवलतीपुरते नाव राखून असतो. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम कागदावर आहे. विद्यार्थिसंख्येवर कार्यभार आणि कार्यभारावर अध्यापकांची पदे अवलंबून असल्यामुळे, पटावरील नाव कमी करण्याची घाई संस्थांना नसते. मंजूर पदेही वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक तुटपुंज्या मानधनावर वर्ग सांभाळतात. ज्याची स्वतःची नेमणूक पुढील जूनमध्ये टिकेल की नाही याची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थी टिकविण्याची जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा अवास्तव होय.

या प्रदेशाला विद्यार्थी टिकविता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ज्या लातूरच्या नावाने एक ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर ओळखला गेला, त्याचे रहस्य वारंवार चाचण्या, प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची नोंद आणि मागे पडणाऱ्याकडे त्याच आठवड्यात लक्ष, यात होते. तेथे हुशार मुले निवडून घेतली जातात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याची आठवड्यागणिक विचारपूस करणाऱ्या गावात, पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थी तीन महिने दिसला नाही तरी कोणाच्या ध्यानी येऊ नये, हा विरोधाभास डोळ्यांआड करता येण्याजोगा नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे हेच नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लातूरची नोंदवही विद्यापीठाच्या दप्तरापर्यंत नेण्याची वाट त्यामुळे अनोळखी म्हणता येत नाही.

मोजणी अवघड आहे, ही सबब आज टिकणारी नाही. प्रत्येक विद्यार्थ्यास कायम नोंदणी क्रमांक मिळतो आणि तोच अखेरच्या गुणपत्रिकेपर्यंत चालतो. दोन याद्या संगणकावर जुळविल्या, की उत्तर हाती येते. २०१६ पासून केंद्र सरकारतर्फे संस्थांची जी राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध होते, तिच्या अर्जात दाखल झालेले किती व विहित मुदतीत पदवी मिळविलेले किती, हे विचारले जाते. पण ते भाग घेणाऱ्या संस्थांपुरतेच. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना हा आकडा जाहीर करणे बंधनकारक केले, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सहा वर्षांपर्यंतची मुदत धरली. त्या पद्धतीतही दोष आहे. संस्था बदलून पुढे शिकणारा तेथे यशस्वी म्हणून धरला जात नाही. येथे हिशेब मांडताना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे वळलेले, अन्य संस्थेत गेलेले, विलंबाने पण उत्तीर्ण झालेले आणि खरोखरच सुटलेले, असे चार वेगळे रकाने असावेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा हिशेब अधिकच निकडीचा केला आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येईल, आणि श्रेयांकांच्या पेढीत जमा झालेली कमाई घेऊन परत येता येईल, अशी ही योजना आहे. सासरी गेलेल्या मुलीला किंवा हंगामी मजुराला तिचा खरा लाभ होऊ शकतो. परंतु बाहेर पडलेल्यांपैकी परत किती आले, हे मोजले नाही, तर कालची गळती उद्या प्रमाणपत्र लावून मिरवेल, एवढाच फरक पडेल.

एक सावधगिरी मात्र हवी. हा आकडा शिक्षेचे साधन झाला, तर महाविद्यालये दुबळ्या मुलांना दारातूनच परत पाठवतील, किंवा परीक्षागृहात डोळेझाक होईल. कॉपीच्या रोगाने या भागाची पुरेशी बदनामी झालेली आहे. म्हणून जेथे गळती अधिक, तेथे अनुदान तोडण्याऐवजी वसतिगृह, नियमित अध्यापक, वेळेवर शिष्यवृत्ती आणि राहिलेल्या विषयांचे वर्ग आधी पोहोचले पाहिजेत. पहिल्या सहामाहीत महिनाभर न दिसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी एक निरोप जावा. परीक्षा अर्जाच्या शुल्कासाठी त्याचे वर्ष जाऊ नये. यासाठी फार मोठ्या खजिन्याची गरज नाही.

विद्यापीठाचा स्थापनादिन आणि मराठवाड्याचा मुक्तिदिन एकच आहे. त्या दिवशी ध्वजवंदनानंतर विद्यापीठाने महाविद्यालयनिहाय हा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा. प्रथम आकडे लाजिरवाणे निघतील. दांडेकर समितीचे आकडेही कोणाला भूषणावह नव्हते. परंतु त्या आकड्यांमुळेच मागण्यास तोंड मिळाले. ज्या मुलाने घरातील पहिला पदवीधर होण्यासाठी प्रथम वर्षात नाव घातले, तो तिसऱ्या वर्षी वर्गात नसेल, तर तो कोठे आहे, हे त्याच्या महाविद्यालयास सांगता आले पाहिजे.