घरी सगळं येत होतं, मग पेपरात का सुचलं नाही?

माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनवर गर्दी उतरते. ती ओसरते न ओसरते तोच दहावीची परीक्षा येते. आणि मग इथल्या घरांतही तोच प्रश्न, जो पुण्या-मुंबईत असतो: घरी येत होतं ना, मग पेपरात काय झालं?

गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या काही क्षण डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. ही जागा मुळातच थोडी. त्यात ‘नापास झालो तर?’ शिरलं की पायरी सुटते. अभ्यास झालेला असतो, पण तो वापरायला जागा उरत नाही. घरी गोंडी किंवा छत्तीसगढी आणि पेपर मराठीत असेल, तर प्रश्न समजून घेण्यातच आणखी थोडी जागा जाते. याला आपण सरळ ‘कच्चा विद्यार्थी’ म्हणून मोकळे होतो.

एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 80 हजार मुलांना विचारलं. 81 टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच चिंतेचं कारण सांगितलं.

पूर्वी बोर्ड प्रश्नपत्रिका 10 मिनिटं आधी वाचायला द्यायचं. पेपरफुटीच्या प्रकारांमुळे 2023 पासून ते बंद झालं आणि 10 मिनिटं शेवटी वाढवली. हिशेब जुळला. पण छातीत धडधडतं ते सुरुवातीला.

झोप उडालीच असेल, तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. रात्री दोनलाही लागतो.